बांधापलीकडचा आंबा

चित्रकला शिकायला धुळ्यात देवपूरला मावशीकडे राहायला गेले तेव्हा तिनं एकच अट घातली होती: ते अ‍ॅसिड घरात आणायचं नाही. कागद आण, शाई आण, कोपरापर्यंत हात काळे करून ये, पण जे पाणी जस्ताचा पत्रा खातं ते माझ्या माठाशेजारी नको. मी कबूल केलं. पण वास कसा अडवणार? तो माझ्या वेणीत बसून घरी यायचा. मी दारात दिसले की मावशी नाकाला पदर लावून म्हणायची, "उनी वं उनी, कारखानावाली उनी." म्हणजे आली गं आली. शेजारणींना ती सांगायची की भाची ड्रॉइंगचा कोर्स करते, आणि मग हळू आवाजात, की पोरीची जात आहे, शिवणक्लास लावला असता तर बरं झालं असतं. मनानं मात्र ती लोण्याची होती. माझे शाईचे डाग ती रॉकेलच्या बोळ्यानं स्वतः पुसून काढायची आणि पुसता पुसता तोंडाचा पट्टा चालू ठेवायची.

एचिंग म्हणजे काय हे मला तेव्हा गावातल्या कुणालाच नीट सांगता आलं नाही, आज चाळीसेक वर्षं मुलांना चित्रकला शिकवून निवृत्त झाल्यावर जरा जमतं. जस्ताचा पत्रा घासून घासून लख्ख करायचा. त्यावर मेणाचा पातळ थर द्यायचा आणि तो मेणबत्तीच्या धुरानं काळा करायचा. मग सुई घ्यायची आणि त्या काळ्यावर चित्र काढायचं. सुई जिथून जाते तिथं मेण निघून जस्त उघडं पडतं, आणि पत्रा अ‍ॅसिडात ठेवला की तेवढीच रेघ खाल्ली जाते. रेघेवर बारीक बुडबुडे धरतात, ते कोंबडीच्या पिसानं हलकेच सारायचे. शेवटी मेण धुवून टाकायचं, खाल्लेल्या रेघांत शाई भरायची, वरची शाई पुसून घ्यायची, ओला कागद ठेवायचा, त्यावर जाड लोकरी कापड, आणि सगळं यंत्राच्या लोखंडी रुळाखालून काढायचं. कागद उचलताना छातीत धडधडायचं. अजून धडधडतं, खोटं कशाला सांगू.

वर्गातल्या मुली देवळं काढायच्या, सूर्यास्त काढायच्या, एकीनं तर न पाहिलेला समुद्र काढला होता. मला वावराशिवाय काही येतच नव्हतं. आमच्याकडे शेताला वावर म्हणतात, आणि मला तो शब्दच जास्त मोकळा वाटतो. सुईनं वावर काढायला फार सोपं, कारण वावरातलं प्रत्येक काम म्हणजे एकेक जातीची रेघ. पेरणीची पाभर चालली की लांब सरळ रेघा. निंदणीच्या बायका म्हणजे आखूड, वाकलेल्या रेघा. बाजरीचं उभं पीक म्हणजे खालून वर नुसते फटकारे मारत सुटायचं, आणि मळणीचं खळं आलं की सुई गोल गोल फिरवायची, बैलांसारखीच. आमचे सर फार कमी बोलत. माझे पत्रे बघून ते एकदाच म्हणाले, "तू शेतात काम केलेलं आहेस." मी हो म्हटलं. "हाताला कळतंय," म्हणाले. ती शाबासकी होती की नुसती माहिती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आमचं गाव साक्रीच्याही पुढे, जिथून डोंगर दिसायला लागतात तिथलं. पाऊस येईल तेवढी शेती. सकाळी पिठाच्या गिरणीची पुक-पुक सुरू झाली की गावाला जाग येई. आईच्या चुलीवर कळण्याची भाकरी असे, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली, काळसर, खरपूस. तिच्यावर कच्चं तेल आणि लसूण-मिरचीचा खुडा. धुळ्याला मावशी पोळ्या करायची, गव्हाच्या, पांढऱ्या मऊ, आणि मी त्या गुपचूप खायची, पण जिभेला पटायचं नाही. घरात आम्ही चौघं: नाना म्हणजे माझे वडील, आई, मी आणि धाकटा भाऊ दिलीप. गल्लीच्या त्या टोकाला आबांचं घर. आबा म्हणजे नानांचे थोरले भाऊ. आजोबा लवकर गेले, तेव्हा नाना इतके लहान होते की आबांनी त्यांना खांद्यावर बसवून शाळेत पोचवलं, असं सगळे सांगत. आबांच्या बायकोला आम्ही मोठीमाय म्हणायचो. त्यांना दोन मुलगे, आणि मुलगी निर्मला माझ्याच वयाची. आम्हा दोघींना लहानपणी एकाच झोळीत झोपवलेलं होतं.

आणि ही दोन घरं दोन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हती.

भांडण कशावरून, तर आंब्यावरून. वाटणी झाली तेव्हा वावराच्या मधोमध बांध पडला. डावीकडचं वावर नानांना आलं, त्यात आजोबांनी लावलेला आंबा. उजवीकडचं आबांना, त्यात विहीर. दोघांनी तोंडी ठरवलं होतं की आंबे दोन्ही घरांनी खायचे आणि पाणी दोन्ही घरांनी पाळीपाळीनं घ्यायचं. बरीच वर्षं तसं चाललंही. मग एका उन्हाळ्यात नानांना काय बुद्धी झाली कोण जाणे, त्यांनी झाडावरचा सगळा माल व्यापाऱ्याला एकदम देऊन टाकला, आणि तोही आखाजीच्या आधी. अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो. त्या दिवशी घरोघरी पूर्वजांच्या नावानं पाण्याची घागर भरतात आणि तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, आणि आंबे ठेवतात. आजोबांची घागर थोरल्याच्या घरी, म्हणजे आबांकडे. दर आखाजीला त्या घागरीवर आजोबांच्याच झाडाचे आंबे असत. त्या वर्षी आबा माणूस पाठवतात तर झाडावर पान सोडून काही नाही. आबांनी बाजारातून आंबे आणून बापाच्या घागरीवर ठेवले. एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी विहिरीवरच्या मोटरीच्या खोलीला कुलूप लागलं.

पुढचं सांगायला नकोच. आमची मिरची उभ्या उभ्या वाळली. नाना म्हणाले, पाणी माझ्याही बापाचं आहे. आबा म्हणाले असतील की बाप आठवतो का तुला. दोघंही हट्टी, एकाच हाडाचे. आई आणि मोठीमाय नदीवर धुणं धुताना एकमेकींकडे पाठ करून बसायच्या आणि साबणाची वडी मात्र मागे हात करून एकमेकींना द्यायच्या. बायकांचं भांडण असं अर्धंच असतं.

या सगळ्यात खरी अडचण कानबाईची. आमच्या खानदेशात श्रावणात कानबाई बसते. नागपंचमीनंतरच्या रविवारी चौरंगावर नारळाची देवी मांडतात, तिला नथ घालतात, कण्हेरीच्या माळा चढवतात, रात्रभर गाणी म्हणतात आणि सोमवारी नदीवर बोळवतात. आणि तिचा रोट असतो. रोट करायचा तर आधी गहू मोजायचे, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ. बायकांच्या नावाची मूठ नाही; दळायचं, मळायचं, तळायचं तेवढं बायकांनी. मी यावरून एकदा आईशी वाद घातला, तर ती म्हणाली की तुझ्या नावाची मूठ असती तर तीही मलाच दळावी लागली असती. आमच्याकडे रोट म्हणजे गुळाच्या पाण्यात घट्ट मळलेल्या कणकेचा, जाड, खुसखुशीत. तो फक्त भाऊबंदांनी खायचा. परक्या कुळातल्या माणसाला द्यायचा नाही, लग्न झालेल्या लेकीलाही नाही, गुराढोरांना घालायचा नाही, टाकायचा तर मुळीच नाही. कितीही उरो, राखीपौर्णिमेच्या आत घरच्यांनीच संपवायचा. भाऊ वेगळे राहिले, चुली वेगळ्या झाल्या, तरी कानबाई थोरल्याकडे एकच. जोवर रोट एक, तोवर भाऊ एक. आणि एकदा का धाकट्यानं आपल्या घरी वेगळी कानबाई बसवली की संपलं. पुढच्या पिढीला एकमेकांचं सुतक लागेल, पण घास लागणार नाही.

दोन श्रावण आम्ही रोटाविना काढले. नाना त्या रविवारी सकाळीच वावरात निघून जायचे. तिसऱ्या वर्षी त्यांनी साक्रीच्या बाजारातून नारळ आणला, नवा चौरंग करून घेतला आणि आईला सांगितलं, यंदा आपली कानबाई आपल्या घरी. आई बाईमाणूस, समोर काही बोलली नाही. पण मी सुट्टीला आले की मला म्हणायची, "सुमे, तुना बापले कोनी सांगा. हाई घर फुटी जाई." तिचं माहेर असंच फुटलेलं होतं, दोन मामा मरेपर्यंत एकमेकांच्या दारात गेले नाहीत. त्यामुळे तिला हे नुसतं वाईट वाटत नव्हतं, तिला भीती वाटत होती. मी तरी काय सांगणार? मी वीस वर्षांची, अर्धी शिकलेली, आणि नानांपुढे माझी बोबडी वळायची.

आता चित्राचं. गावामागे एक बरडी आहे, दगडगोट्यांची बोडकी टेकडी. तिच्यावर बसलं की आमची दोन्ही वावरं परातीत वाढल्यासारखी दिसतात. आदल्या वर्षी पोळ्याच्या सुट्टीला मी तिथं बसून एक रेखाटन केलं होतं. दोन्हीकडे बाजरी, मधे बांध, मागे डोंगराची सरळ रांग. डावं-उजवं ओळखायच्या खुणा दोनच: डावीकडे आंबा, उजवीकडे विहीर आणि तिच्याशेजारची मोटरीची खोली. बांधाजवळ वाकून निंदणारी आई, आणि लांब एक बैलजोडी, ती मी नंतर मनानं घातली. हेच चित्र मी श्रावणाच्या आधी मोठ्या पत्र्यावर कोरायला घेतलं. छापताना चित्र उलटं उमटतं, हे मला ठाऊक होतं. अक्षरं असली तर आम्ही ती पत्र्यावर उलटी लिहायचो. मी सरांना विचारलंही की रेखाटन उलटवून घेऊ का. सर दुसऱ्या मुलीचा पत्रा बघत होते. वर न बघताच म्हणाले, "अक्षरांना डावं-उजवं असतं, निसर्गचित्राला नसतं. काढ सरळ." मी काढलं सरळ. आंब्याला मी चार दिवस दिले. पानं अशी दाट कोरली की अ‍ॅसिडात तिथं नुसता फेस आला. छापून कागद उचलला तेव्हा सर उठून जवळ आले आणि बराच वेळ बघत उभे राहिले. मला तर आकाश ठेंगणं झालं. आंबा उजवीकडे गेलाय, विहीर डावीकडे आलीय, हे मला दिसत होतं, पण मला त्याचं काही म्हणजे काहीच वाटलं नाही. चित्र चांगलं झालं होतं, बस.

दोन प्रती घेऊन मी कानबाईसाठी घरी निघाले. एसटीतून उतरून नदीच्या फरशी पुलावरून येताना निर्मला भेटली. तिचं त्याच वर्षी लग्न झालं होतं, श्रावणासाठी माहेरी आली होती आणि धुण्याची बादली घेऊन उभी होती. आम्ही दोघींनी आधी इकडेतिकडे बघितलं, कुणी नाही म्हटल्यावर गळ्यात पडलो. मी तिला चित्र दाखवलं. ती बघत राहिली. "आपलं वावर," म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणीच आलं, सासरी तिला आपलं म्हणायला काही नसावं. मी एक प्रत तिला देऊन टाकली. ती म्हणाली, ओसरीवर लावते, आबा काय म्हणायचं ते म्हणोत. मग ती तिच्या गल्लीनं गेली, मी माझ्या.

घरी आले तर ओसरीवर नवा चौरंग, त्यावर झाकलेला नारळ. आईनं पाणी दिलं, तोंडावरून हात फिरवला, वेणीचा वास घेऊन नाक मुरडलं. मी चित्र उलगडून कॉटवर ठेवलं. आई वाकून वाकून बघायला लागली. तिला आधी स्वतःला शोधायचं होतं. मी बोट ठेवून दाखवलं. "मनं तोंड कोठे शे?" तिनं विचारलं. मी म्हटलं, तू निंदतेयस ना, खाली वाकलीयस. ती थोडा वेळ बघून म्हणाली, "बरं. पाठ तरी मनीच शे." दिलीपनं बैलांना पास केलं. मग नाना आले. हात-पाय धुतले, धोतराला हात पुसले आणि कॉटशी उभे राहिले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. आधी त्यांना वावर ओळखू आलं, आणि खरं सांगते, त्यांचा चेहरा असा उजळला की तसा मी दोन वर्षांत पाहिला नव्हता. मग कपाळावर आठी पडली.

"सुमे, आंबा तठे कसा गया?"

"छापामा उलटं येस, नाना."

"मंग सुलटं काब नही काढं?"

"सर बोलनात, चित्रले डावं-उजवं ऱ्हात नही."

"तुना सरले वावर शे का?"

सरांना नंदुरबारकडे कुठे तरी एक प्लॉट होता, तेवढंच मला माहीत. नानांचा आवाज चढायला लागला. बापाचं झाड, माझ्या वाट्याला आलेलं, त्याच्यावरून एवढं रामायण झालं, आणि माझीच पोरगी ते उचलून बांधापलीकडे ठेवते. आईनं खांबावरचा दाढीचा आरसा काढला आणि चित्राशेजारी धरला. "हाई देखा," ती म्हणाली, "आरसामा देखा. बठ्ठं जागावर शे." आरशात खरंच आंबा डावीकडे, विहीर उजवीकडे. नाना आरशात बघत राहिले, मग पुन्हा कागदाकडे, पुन्हा आरशात. राग उतरला. कुणाला दाखवू नको, एवढंच म्हणाले. तेव्हा मला सांगावंच लागलं की एक प्रत आबांच्या ओसरीवर गेलेली आहे.

नाना मटकन खाली बसले. आता दादा काय समजेल, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते. मी म्हटलं, मी जाऊन घेऊन येते. आईनं माझा हात धरला. तिच्या डोक्यात काय आलं ते मला तेव्हाच समजलं, कारण तेच माझ्याही डोक्यात आलं होतं. आबा काय समजायचं ते समजू देत. समजले तर बरंच.

आबा दुसऱ्या दिवशी सकाळी आले. शनिवार होता, घरोघरी रोटाचे गहू निवडून झालेले, जाती सुरू व्हायच्या बेतात. काखेत गुंडाळलेलं चित्र, अंगात धुतलेला सदरा. दोन वर्षांनी ते आमच्या ओट्यावर चढले आणि बसले, जसे रोजच येऊन बसत असावेत. आई पदर सावरत दाराआड उभी राहिली, मी तिच्या मागे. नाना समोर येऊन बसले. आधी पावसाचं झालं, मग बाजरीचं झालं. मग आबांनी चित्र मांडीवर उलगडलं.

"भाऊ, तुनी आंडेरनी भारी चित्र काढं," ते म्हणाले. आंडेर म्हणजे लेक, हिर म्हणजे विहीर. "तू आंबा मनाकडे दिधा, माले समजनं. रातभर देखत बठनू. मंग देखं तं हिर तुनाकडे शे. म्हनलं, बरोबर शे. लहाना समजदार निंघना." आणि त्यांनी सदऱ्याच्या खिशातून मोटरीच्या खोलीची किल्ली काढून दोघांच्या मधे ओट्यावर ठेवली.

मी आयुष्यात पुष्कळ देवांना हात जोडले असतील, पण त्या क्षणी जितक्या मनापासून जोडले तितके पुन्हा कधीच नाही. आई दाराआडून नानांकडे बघून मान हलवत होती: नका, नका बोलू. आणि नानांना खोटं पचत नसे. हा त्यांचा गुण होता की दोष, याचा निकाल मी आजही लावू शकत नाही. आंबे विकले तेव्हाही त्यांनी उघड विकले, लपवलं काही नाही. ते किल्लीकडे बघत बसले. मला कळलं, आता हा माणूस सगळ्याची माती करणार.

"दादा, ते चित्र उलटं शे," नाना म्हणाले. "छापामा तसंच येस. मी काही धाडेल नही."

आबांनी माझ्याकडे बघितलं. "खरं का वं, सुमी?"

मी दाराबाहेर आले आणि हो म्हटलं. आरसा दाखवू का, असंही विचारलं, वेडीच मी. आबांनी मान हलवली. चित्राची गुंडाळी करायला लागले, पण कागद पुन्हा पुन्हा उलगडत होता. "म्हनजे तू आंबा दिधा नही," ते म्हणाले. "आनि मी हिर देवाले उनू." आबांनी पाय ओट्याखाली सोडले, चपला शोधायला लागले. आई रडायला लागली होती, आवाज न करता. गेलं सगळं, मला वाटलं. उद्या आमच्या घरी वेगळी कानबाई बसणार.

"दादा," नाना म्हणाले. "आखाजीले मी चुकनू. बापनी घागरवर तुले बजारना आंबा ठेवना पडनात. ते माले खाई ऱ्हायनं." मग, "आंबा तुना नही, मना नही. बापनाच शे. तू बठ."

आबांचा एक पाय चपलेत होता, एक बाहेर. तसेच बसून राहिले. मग म्हणाले की बाजारचे आंबेही तसे गोडच निघाले होते, आणि नाक पुसलं. चित्र त्यांनी बाजूला ठेवलं. किल्ली होती तिथंच राहिली, तिला कुणीच हात लावला नाही. मोठीमाय जात्यावर बसली असेल, ते म्हणाले, सगळे चला. नानांनी विचारलं, आमच्या मुठी तर मोजलेल्या नाहीत, गहू घेऊन येऊ का?

"मोजेल शेतस."

"कव्हय मोज्यात?"

"दर साल मोजतस," आबा म्हणाले. "तुना नावनी मूठ, दिलीपना नावनी मूठ. गयं वरीस मोजी, त्याना पहिले मोजी. तुम्ही नही उनात म्हनीसन मूठ कशी सोडू?"

आमच्यापैकी प्रत्येकाच्या मनात एकच गोष्ट आली असणार, कारण आईनं दाराआडून, थोरल्या दिरासमोर कधी न बोललेल्या आईनं, विचारलं की मग दोन वर्षं त्या रोटाचं काय केलं? देता येत नाही, टाकता येत नाही.

"मी खादा," आबा म्हणाले. "घरना लोके आपला आपला खाई ल्हेत. तुमना दोन जनसना ऱ्हाई जाये. आठ आठ दिन खादा. शेवटले इतका वाळी जाये, दात लागेना, मंग ताकमा बुडाईसन खादा. तुनी वहिनी म्हने, नदीमा सोडी द्या, पोट दुखी. मी म्हनलं, भाऊना घास शे. नदीले काब देऊ?"

नाना रडले. माझ्या वडिलांना मी आयुष्यात तेव्हा पहिल्यांदा रडताना बघितलं, आणि ते चांगले मोठ्यानं रडले, लहान पोरासारखे, समोर गल्लीतून माणसं जात असताना. आबांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि आम्हाला हातानंच खूण केली की आत जा. आईनं जाता जाता चौरंगावरचा नवा नारळ उचलून पदराखाली घेतला. त्याची संध्याकाळी चटणी झाली, आणि कानबाईचा नारळ असा फोडावा का, हे कुणी कुणाला विचारलं नाही.

आता दोन्ही घरचे भाचे दोन्ही वावरं मिळून करतात, विहिरीवर ठिबक बसलंय, आंब्याची एक मोठी फांदी विजेनं गेली. तो जस्ताचा पत्रा माझ्या जळगावच्या घरी आहे. त्यावर मात्र आंबा डावीकडेच आहे, कारण तिथं मी सरळ कोरला होता. कधीतरी रेघांवरून बोट फिरवते. आंब्याच्या पानांशी बोट अजून अडखळतं.

त्या वर्षी रविवारी आम्ही सगळे आबांकडे होतो. रात्रभर गाणी झाली. निर्मला गात होती सगळ्यात पुढे, आणि रोट वाढायला घेतला तेव्हा आपली आपण उठून परसात गेली, कारण ती आता परक्या कुळाची. मी तिच्याजवळ जाऊन बसले, आणि तिनं मला ढकलून परत पाठवलं. नाना आणि आबा शेजारी शेजारी जेवायला बसले. नानांनी रोट तीनदा मागून घेतला. दिलीप तर वखवखल्यासारखा खात होता. सोमवारी देवी बोळवून आलो आणि मंगळवारी दुपारी उरल्यासुरल्या तुकड्यांवरून मी आणि दिलीप भांडलो. मोठीमायनं रोटाची दुरडी झटकून फडक्यानं पुसली आणि भिंतीला टेकवून ठेवली. तेवढ्यात आबा आत डोकावले. वावरात निघाले होते, मागे नाना उभे होते.

"माले काही ऱ्हायनं का?" आबांनी विचारलं.

"नही," मोठीमाय म्हणाली.

"बरं झायं," आबा म्हणाले, आणि दोघं वावराकडे गेले.